डबाबंद मासे आणि ‘ल क्रेन, १९५१’

मत्स्यशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात संशोधन करायचं म्हणताय ना? मग ‘ल क्रेन, १९५१’ हा संदर्भ तुम्ही वाचला असेलच. माशाची लांबी-वजन आणि ‘रिलेटिव्ह कंडिशन फॅक्टर’ आला की हा संदर्भ येतोच. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत तो आहे. पण ल क्रेनने मोजलेले मासे कुठले होते, हे सहसा कोणी विचारत नाही. ते होते इंग्लंडमधल्या विंडरमियर तलावातले पर्च. पट्टेरी अंगाचा, काटेरी पराचा हा गोड्या पाण्यातला मासा.

या तलावाकाठी ‘फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन’चं काम चालायचं. समुद्राच्या अभ्यासासाठी प्लिमथला १८८८ पासून प्रयोगशाळा होती. नद्या-तलावांना मात्र कोणी वाली नव्हता. म्हणून १९२९ मध्ये ही संस्था स्थापन झाली. पुढाकार घेणाऱ्यांत फेलिक्स फ्रिट्श होते. हो, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी शैवालांच्या वर्गीकरणात घोकलेले तेच फ्रिट्श! १९३१ मध्ये रे कॅसल या जुन्या हवेलीत जागा घेऊन दोन तरुण संशोधकांवर काम सुरू झालं.

मग महायुद्ध आलं. अन्नाची टंचाई होती. संस्थेचे संचालक वर्दिंग्टन यांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता: तलावातले पर्च मोठ्या प्रमाणावर काढले, तर ट्राउट आणि चार या माशांना फायदा होईल का? १९४१ पासून तारेच्या जाळीचे सापळे लावून पर्च पकडायला सुरुवात झाली, आणि ते ‘पर्चाइन्स’ नावाने डब्यात भरून विकले गेले. सरकारला मासे मिळाले, संशोधकांना एवढा मोठा प्रयोग मिळाला. प्रयोगासाठी इतके मासे काढायला एरवी पैसे कोण देणार होतं, सांगा!

डेव्हिड ल क्रेनने या तलावातल्या पर्चवर काम केलं. त्याआधीचा कंडिशन फॅक्टर वजनाला लांबीच्या घनाने भागायचा. म्हणजे मासा वाढताना त्याचा आकार बदलत नाही, हे गृहीत धरलेलं. प्रत्यक्षात घातांक नेमका ३ असेलच असं नाही. म्हणून ल क्रेनने त्या माशांच्याच आकडेवारीतून घातांक काढला, त्यावरून अपेक्षित वजन ठरवलं आणि प्रत्यक्ष वजनाला त्याने भागलं. शिवाय जननग्रंथींचं वजन वर्षभरात कसं बदलतं, हेही त्याच लेखात तपासलं.

इथे जरा थांबा. ‘अपेक्षित’ वजन जर त्याच नमुन्यातून आलं, तर त्या नमुन्याची सरासरी साधारण १ येणारच. तरी ‘सरासरी १ आली, म्हणून मासे सुदृढ’ असा निष्कर्ष मी कितीदा तरी वाचलाय. दोन जलाशयांसाठी दोन वेगळी समीकरणं काढून मग या आकड्यांची तुलना करणं, हाही त्याचाच भाऊ. आणि मासे कोणत्या महिन्यात पकडले, हे लिहायला विसरू नका. विंडरमियरच्या सापळ्यांत वसंतात, प्रजननकाळात, नरच जास्त सापडायचे.

युद्ध संपलं, डबे बंद झाले. सापळे मात्र थांबले नाहीत. मला या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. मूळ प्रश्नाची धार कमी झाल्यावरही कोणीतरी दर वर्षी तेच सापळे, त्याच पद्धतीने टाकत राहिलं. १९७६ मध्ये रोग पसरला आणि तलावातले बहुतेक प्रौढ पर्च मेले. आधीची पस्तीस वर्षं हातात होती, म्हणून किती घट झाली आणि पुढच्या पिढ्या कशा बदलल्या, हे आकड्यांत मांडता आलं. ३ वर्षांच्या फेलोशिपमध्ये हे बसलं नसतं.

अर्थात संस्थेलाही पैशांची गणितं चुकली नाहीत. १९८९ मध्ये तिचे बहुतेक शास्त्रज्ञ सरकारी निधीवरच्या नव्या गोड्या पाण्याच्या संस्थेत गेले. असोसिएशन छोटी झाली, पण सदस्यांच्या बळावर चालू राहिली. नामशेष होत चाललेल्या गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शिंपल्यांची पैदास तिने पुढे हाती घेतली. विंडरमियरच्या नोंदी शास्त्रज्ञांबरोबर नव्या छताखाली गेल्या आणि तिथेही चालू राहिल्या.