डालड्याचा डबा आणि पाच रुपयांच्या माळा

परवा दुकानात एक ओळखीचे गुरुजी आले. बाहेर वेफर्सच्या माळा लटकलेल्या बघून बोलता बोलता म्हणाले, "इंग्लंडात म्हणे एकावर एक फुकटवर बंदी आली. त्यानं काय होतं हो? ज्याला खायचं तो खाणारच की." मी लगेच हो म्हणलं. गिऱ्हाईकाशी वाद कशाला घालायचा. पण रात्री शटर ओढताना वाटलं, आमच्याच दुकानाचा इतिहास तर उलटं सांगतोय. म्हणून ही लांबलचक पोस्ट, वेळ असेल तर वाचा.

आमचं किराणा दुकान मानवतातलं, आजोबांनी टाकलेलं. मोंढ्यात कापूस विकला की शेतकरी उधारी चुकती करायचा आणि नवी यादी द्यायचा. तेल, मीठ, गूळ, चहापत्ती. माल बरण्यांत आणि पोत्यांत, फळीच्या आत. गिऱ्हाईक फळीच्या बाहेर. यादीत नसलेली वस्तू पिशवीत पडायचं कारणच नव्हतं. तेल म्हणजे करडईचं नाहीतर भुईमुगाचं, घाण्यावरचं.

त्या यादीत डालडा शिरलं. आजी स्पष्ट सांगायची की ती डबा बघून घ्यायची! पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. रिकामा झाला की आत डाळ, पत्रा गंजला की अंगणात त्याच डब्यात तुळस. आजच्या भाषेत तो डबाच ऑफर होती.

हे आपोआप झालं नव्हतं. 1937 मध्ये डालडा बाजारात आलं तेव्हा तुपाशिवाय सण न करणाऱ्या बायकांना ते पटवायचं कसं, हा कंपनीपुढचा प्रश्न होता. मग थिएटरात जाहिरातपट दाखवले, डब्याच्या आकाराची गोल गाडी रस्त्यांवरून फिरवली, वनस्पतीत केलेले पदार्थ लोकांना चाखायला दिले. विरोधही जोरात होता. गांधीजींनी वनस्पतीवर टीका केली होती. 1950 साली पंडित ठाकूरदास भार्गवांनी संसदेत वनस्पतीच्या बंदीचं विधेयक आणलं. बंदी झाली नाही. वनस्पतीत तिळाचं तेल मिसळायची सक्ती मात्र झाली, कारण तुपातली भेसळ तपासणीत पकडता यावी. सगळं भांडण तुपाच्या शुद्धतेचं; आजीला डब्याचा मोह घातला जातोय, याकडं कोणी फारसं बघितलं नाही. पुढं ट्रान्स फॅटनं हृदयविकार वाढतो हे कळलं, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के, 2022 मध्ये 2 टक्के केली. 1937 ते 2022, हिशोब तुम्हीच करा. तोवर आजी गेली होती. हृदयविकारानंच. डालड्यामुळं असं मी म्हणणार नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही.

माझ्या लहानपणी डब्याची जागा टॅझोनं घेतली. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकची चकती निघायची. मी दुकानदाराचा पोरगा, वडील झोपले की पाकिटं दाबून बघायचो आत कोणती आहे. वेफर्स कशी लागायची ते आता आठवत नाही, चकत्या आठवतात.

आता गल्ल्यावर मी बसतो. कंपनीचा माणूस येतो, दोन बॉक्स घेतले तर इतकी पाकिटं फुकट म्हणतो आणि हुक स्वतः ठोकून जातो. हुक कुठं? सात-आठ वर्षांच्या लेकराच्या डोळ्यासमोर. म्हाताऱ्यांसाठीची बिस्किटं वर, लेकरांचं खाली.

नियम आपल्याकडंही झाले. दिल्ली उच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल, 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारनं शाळांच्या उपाहारगृहात जंक फूडवर घातलेली बंदी, मग प्राधिकरणाचे 2020 चे नियम: शाळेपासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. आमचं दुकान शाळेपासून पन्नास मीटरच्या थोडं पुढं आहे. लेकरं सुटली की एका मिनिटात येतात. हुकाच्या उंचीबद्दल किंवा मार्टातल्या एकावर एकबद्दल त्यात काही नाही.

इंग्लंडनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. ऑक्टोबर 2022 पासून मोठ्या दुकानांत असे पदार्थ दारापाशी, रांगेच्या टोकाला आणि बिल काउंटरपाशी मांडायला बंदी आली. एकावर एक फुकटची बंदी महागाईचं कारण देत पुढं ढकलत अखेर 1 ऑक्टोबर 2025 ला लागू झाली. (त्याच्या आठवडाभर आधी आपल्याकडं बिस्किटं, नमकीन, चॉकलेट यांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला. दुकानदार म्हणून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.) छोट्या दुकानांना तिथं सूट आहे. म्हणजे मानवतातलं जवळपास कुठलंच दुकान त्यात बसलं नसतं.

गुरुजींच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर आहे. कायद्याच्या आधीच तिथल्या काही सुपरमार्केटांनी आपणहून काउंटरजवळच्या गोळ्या-चॉकलेट, चिप्स हटवल्या होत्या. 2018 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात घरी नेल्या जाणाऱ्या अशा छोट्या पाकिटांची खरेदी लगेच 17 टक्क्यांनी घटलेली दिसली, वर्षभरानंतरही 15 टक्क्यांच्या वर घट टिकून होती. वस्तू दुकानात होती, भाव तोच होता. ज्याला खायचंच होतं त्यानं आत जाऊन घेतली. बाकीच्यांना ती नकोच होती, फक्त समोर होती.

हे वाचून मी मागच्या महिन्यात माळा काढून आतल्या फळीवर टाकल्या. पुढं फुटाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, केळी. काही लेकरं अजून नाव घेऊन मागतात, त्यांना देतो. काही मात्र पाच रुपये हातात धरून नुसतीच उभी राहतात, हुकांकडं बघतात आणि मग विचारतात, "काका, काय आहे?" धंदा थोडा बसलाय, हेही सांगून टाकतो. केळी उरली तर सडतात, वेफर्स सडत नाहीत.

कंपनीचा माणूस सोमवारी येऊन गेला. स्कीम बंद होईल म्हणाला. मी म्हणलं, बघू. जाताना त्यानं रिकामे हुक मोजले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.