साईबाबा खटला

दहशतवादविरोधी कायद्याखालील आरोपीच्या हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाचा, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गाजलेला खटला. दिल्ली विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून मे २०१४ मध्ये अटक झाली. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने त्यांच्यासह पाच जणांना जन्मठेप व सहाव्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेले साईबाबा नागपूर मध्यवर्ती कारागृहाच्या अंडा सेलमध्ये (एकांतवासाच्या कोठडीत) होते. एक सहआरोपी ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच मरण पावला.

ज्याखाली हा खटला चालला त्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम ४५ नुसार खटल्यापूर्वी शासनाची मंजुरी लागते. तत्पूर्वी स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावा तपासणे बंधनकारक आहे. साईबाबांबाबतची मंजुरी आरोपनिश्चितीनंतर आली, तर इतरांबाबत ही तपासणी सदोष ठरली. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२२ रोजी खंडपीठाने सर्वांना मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी विशेष बैठक घेऊन निकाल स्थगित केला व एप्रिल २०२३ मध्ये फेरसुनावणीचा आदेश दिला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायपीठानेही सर्वांना निर्दोष ठरवले : मंजुरी अवैध, घरझडतीला निरक्षर पंच, जप्ती असिद्ध. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी साईबाबांचे हैदराबादेत निधन झाले.