सागररंग निरीक्षण, उपग्रहीय

समुद्रातून परतणारा सूर्यप्रकाश उपग्रहावरील संवेदकाने निरनिराळ्या तरंगलांबींत मोजून पाण्यातील वनस्पतिप्लवक, गाळ व विरघळलेले सेंद्रिय पदार्थ यांचे प्रमाण ठरविण्याची पद्धत. वनस्पतिप्लवक हा सागरी अन्नसाखळीचा पाया असल्याने मत्स्योत्पादन आणि समुद्रातील कार्बनचक्र या दोन्हींच्या अभ्यासात तिचे मोल मोठे आहे.

तत्त्व : प्लवकांतील हरितद्रव्य निळा प्रकाश (सु. ४४० नॅनोमीटर) शोषते, हिरवा (सु. ५५५ नॅनोमीटर) फारसा शोषत नाही. म्हणून प्लवक विरळ असलेले पाणी गडद निळे, तर दाट असलेले हिरवट दिसते. या दोन पट्ट्यांतील तेजाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्याचे प्रमाण काढतात. खोल महासागराच्या मध्यभागी ते दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमहूनही कमी असते. किनाऱ्यालगत कित्येक मिलिग्रॅमपर्यंत जाते.

संवेदकापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशापैकी सु. ९० टक्के प्रकाश हवेतूनच आलेला असतो. तो वजा करावा लागतो. स्वच्छ पाणी निकट-अवरक्त पट्ट्यात जवळजवळ काळे असते, म्हणून त्या पट्ट्यात दिसणारे तेज हवेचे मानतात. खंबायतच्या आखातात किंवा कोकणातील खाड्यांच्या मुखाशी गाळही हा प्रकाश परतवतो. तेथे हे गृहीतक फसते आणि वेगळी गणिते वापरावी लागतात.

विकास : अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावरील संवेदकाने १९७८ मध्ये या निरीक्षणांना सुरुवात केली. पुढे सीविफ्स (१९९७) व मोडिस आले. भारताने २६ मे १९९९ रोजी ओशनसॅट-१ सोडला. त्यावरील आठ पट्ट्यांचा सागररंगमापक ३६० मीटरपर्यंतचा तपशील टिपत असे. ओशनसॅट-२ (२००९) व ओशनसॅट-३ (२०२२) यांनी ही परंपरा चालविली. ओशनसॅट-३ वरील मापकात १३ पट्टे आहेत.

अरबी समुद्र : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे सोमालिया, ओमान व केरळच्या किनाऱ्यांलगत खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तर भागातील पृष्ठजल थंड व जड होऊन खाली बसते आणि खालच्या पाण्याशी मिसळते. दोन्ही ऋतूंत प्लवक फोफावतात. उत्तरेकडील नॉक्टिल्यूका या सूक्ष्मजीवाचे हिरवे बहर उपग्रहचित्रांत ठळकपणे दिसतात.

उपयोग : हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (इन्कॉइस) हरितद्रव्य व पृष्ठतापमानाच्या नकाशांवरून संभाव्य मत्स्यक्षेत्रे ठरविते. जेथे थंड व उबदार पाण्याची सीमा हरितद्रव्याच्या सीमेशी जुळते, तेथे मासळीचे थवे सापडण्याची शक्यता अधिक. अशा जागेची बंदरापासूनची दिशा, अंतर व तेथील खोली मच्छीमारांना प्रादेशिक भाषांत कळविली जाते. त्यामुळे शोधातला वेळ आणि डिझेल वाचते.

मर्यादा : ढगांखालचे पाणी दिसत नाही, म्हणून अरबी समुद्र सर्वाधिक सुपीक असतो त्या पावसाळ्यातच चित्रे अपुरी पडतात. स्वच्छ पाण्यातही वरच्या काही दशक मीटरांचाच ठाव लागतो, गढूळ पाण्यात त्याहूनही कमी. जहाजांवरून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांशी सतत ताडून पाहिल्यावरच उपग्रहाचे आकडे विश्वासार्ह ठरतात.