विहिरीत पोहणाऱ्यांचे कर्णविकार (धाराशिव जिल्हा)

विहीर, शेततळे किंवा नदीच्या डोहात वारंवार पोहल्याने व बुडी मारल्याने बाह्य कर्णमार्ग, कर्णपटल आणि मध्यकर्ण यांना होणारे विकार. समुद्रापासून दूर, बालाघाटाच्या परिसरात वसलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मुले पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकतात. पुढे काठावरून सूर आणि मुटका मारतात. पाण्यात पडलेली वस्तू काढायला तळापर्यंत जाणारे पट्टीचे पोहणारेही गावोगावी असतात.

थंड पाणी व अस्थिवृद्धी : थंड समुद्रात वर्षानुवर्षे उतरणारे सर्फर व पाणबुडे यांच्या कर्णमार्गात हाडाचे उंचवटे वाढतात. कर्णमार्गाच्या आतील भागात हाडावरची त्वचा अतिशय पातळ असते. सुमारे १९° से.पेक्षा थंड पाणी व वारा यांनी हाडाचे आवरण चेतवले जाते. मार्ग अरुंद झाला की आत पाणी व मळ अडकतो, ऐकू कमी येते. वाढ फार झाल्यास शस्त्रक्रियेने हाड कोरून काढतात. धाराशिवच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात अंगाला गार लागले, तरी या मर्यादेपेक्षा बरेच उबदार असते. म्हणून येथे पोहणाऱ्याच्या कानदुखीत संसर्ग, बुरशी व दाबामुळे झालेली इजा यांचा विचार आधी करावा लागतो.

प्रमुख विकार : (१) बाह्यकर्णशोथ : ओलाव्याने त्वचा मऊ पडते, काडीने कोरल्यास खरचटते आणि जंतू शिरतात. कान ठणकतो, पाळी ओढली तरी कळ येते. (२) बुरशी : खाज सुटते, दडा बसतो, ओल्या कागदासारखा पांढरा थर व त्यावर काळे ठिपके दिसू शकतात. (३) दाबाची इजा : दर १० मी. खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. परंतु दोन-तीन मीटरवरही कान दुखू लागतो. सर्दीमुळे घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नळी बंद असल्यास धोका वाढतो. उडी कानावर आपटल्यास पडदा फाटू शकतो. तेव्हा थंड पाणी मध्यकर्णात जाऊन अचानक भोवळ येते आणि पोहणाऱ्याला वर-खाली कळेनासे होते.

उपचार व प्रतिबंध : वैद्य कान साफ करून जंतू किंवा बुरशीवरील थेंब देतात. लसणीचे गरम तेल कानात घालण्याचा घरगुती उपाय टाळावा. त्याने त्वचा भाजते आणि पडदा फाटलेला असल्यास तेल थेट मध्यकर्णात उतरते. इजेने पडलेले छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते, मात्र तोवर कान कोरडा ठेवणे अत्यावश्यक असते. पोहून झाल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यावे व कान बाहेरून पुसावा. सर्दी असताना बुडी मारू नये. कान वाहणाऱ्या मुलाला तपासणीपूर्वी विहिरीत उतरवू नये.