धुराडं कुणी झाडायचं?

जुन्या मराठी घरातली सगळ्यात हुशार चूल स्वयंपाकघरात नव्हती. ती न्हाणीघरात होती. तिला बंब म्हणायचे.

तुम्ही बंब पाहिला असेल तर बहुधा एखाद्या हॉटेलच्या दाराशी, चिंचेने घासून लखलखीत केलेला, आत मनीप्लांट. त्याचं खरं काम बघण्यासारखं होतं. तांब्याचं उभं भांडं, मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाला जाळी. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, कोळसे टाकायचे. नळीच्या आत विस्तव, बाहेर पाणी. नळीतली हवा तापून वर चढते, तिची जागा घ्यायला जाळीखालून ताजी हवा ओढली जाते. म्हणून एकदा पेटला की बंब फुंकत बसावं लागत नाही. राख आपोआप खाली पडते. जाळ चारही बाजूंनी पाण्यानेच वेढलेला, त्यामुळे उष्णता फार वाया जात नाही. इंजिनियर ज्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात तो हाच, आणि ज्या घरातल्या कुणी तो शब्द ऐकलेला नव्हता त्या घरातही तो रोज सकाळी सुरू असायचा.

त्याच घराच्या स्वयंपाकघरात मात्र मातीची चूल. तीन बाजूंना भिंत, एका बाजूला तोंड, आणि धुराला वाट कौलांच्या फटींतून मिळेल तेवढी. आंघोळीचं पाणी थोड्या वेळात तापायचं. चुलीपुढे बाई दिवसाचे कित्येक तास बसायची. धुराडं, लहानसं का होईना, मिळालं ते पाण्याला. मला या एका गोष्टीत घरातल्या मानापानाचा बराचसा हिशेब दिसतो.

पण म्हणून मातीची चूल अडाणी होती असं समजू नका. चुलीच्या काठावरचे तीन उंचवटे भांडं थोडं वर धरायचे, म्हणजे जाळ भांड्याखालून बाहेर पडायला जागा राहायची. शेजारी वैल असायचा. चुलीतला जास्तीचा जाळ आतल्या भोकातून वैलाकडे जायचा आणि तिथे डाळ किंवा दूध मंद शिजत राहायचं. एका लाकडावर दोन भांडी! भाकरी तव्यावर उलटून झाली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे उभी करायची, तिथे ती फुगायची. रोज सकाळी राख काढून चुलीला पोतेरं द्यायचं, म्हणजे भेगा तिथल्या तिथे बुजायच्या. सरपण पावसाळ्याआधी भरून ठेवायचं, आणि उद्याची लाकडं आज रात्री चुलीच्या कडेला वाळत लावायची, कारण ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवतं, मग जळतं, आणि तोवर नुसतं धुपतं.

हे सगळं एक ‘मॅन्युअल’च होतं. कुठे छापलेलं नव्हतं, सासूकडून सुनेकडे जायचं. पुढची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवा.

शहरात चुलीची जागा शेगडीने घेतली. मुंबईच्या चाळीत लाकूड जाळायला जागा कुठे? मग वखारीतून कोळसा यायचा. कुणी भुशाची शेगडी वापरायचे: डब्याच्या मधोमध एक दांडका किंवा बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, दांडका अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत खालून पेटवायचं. नीट ठासली असेल तर तासन्‌तास चालायची. पुन्हा तीच बंबाची नळी, या वेळी भुशाची!

कोळशाची शेगडी बायका बाहेर, गॅलरीत पेटवायच्या आणि धूर सरला, निखारे लाल झाले की आत न्यायच्या. डोळ्यांसाठी ही युक्ती उत्तम. पण तिच्यात एक फसवणूक आहे आणि ती आजही माणसं मारते. धूर संपला म्हणजे हवा चांगली झाली असं आपल्याला वाटतं. खरं तर लालबुंद कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. थंडीत दारं-खिडक्या लावून, शेगडी उशाशी घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येते. धुराची चूल निदान खोकल्याने माणसाला बाहेर तरी काढते.

धुराचा प्रश्न गंभीरपणे हातात घेणारी पहिली काही माणसं आपल्याच महाराष्ट्रात होती. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींच्या सोबतीने त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांनी वाहिली. तेलघाणी, कागद, गूळ यांच्याबरोबर तिथल्या मगनवाडीत चुलीवरही प्रयोग झाले. त्यातून आलेली ‘मगन चूल’ मातीचीच, पण बंदिस्त. एका तोंडातून लाकूड घालायचं, जाळ एकामागून एक भांड्यांखालून फिरवायचा आणि उरलेला धूर धुराड्याने छपराबाहेर काढायचा. म्हणजे वैलाची कल्पना आणि बंबाची नळी एकत्र आणली. इतकं सरळ!

त्याच वाटेवर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू काम करत होते. १९५३ मध्ये त्यांची ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका आली. धूर, काजळी, उष्णता, इंधनाची नासाडी आणि आगीचा धोका या पाचांपासून बाईची सुटका करायची, अशी त्यांची मांडणी होती. देश नुकताच स्वतंत्र झालेला, त्यामुळे स्वातंत्र्याची भाषा स्वयंपाकघरापर्यंत पोचली याचं मला अजूनही कौतुक वाटतं. स्वयंपाकघरात ते स्वातंत्र्य पोचलं का, हा भाग वेगळा.

धूर किती, हे मात्र बराच काळ कुणी मोजलंच नव्हतं. प्रदूषण म्हणजे गिरणीची चिमणी, असं सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजणारी उपकरणं लावली. स्वयंपाकाच्या वेळी त्या घेत असलेल्या हवेत दर घनमीटरला सरासरी जवळपास ७ मिलिग्रॅम कण सापडले. आज आपण शहरात १०० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या मर्यादेवरून ओरड करतो. दोन्ही मापं तंतोतंत एक नाहीत, पण अंतर किती आहे ते कळायला पुरेसं आहे.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्या. त्या काळच्या सरकारी कामाला शोभेल असा अवाढव्य आकडा. तरीही तुमच्या आजोळी त्यातली एक तरी चालू चूल तुम्ही पाहिली आहे का?

मी एक पाहिली होती, चालू नसलेली. कऱ्हाडजवळ आत्याच्या घरी १९९० च्या सुमाराला बिनधुराची चूल बसली. बसवणारा आला, अर्ध्या दिवसात दोन भोकांची चूल घातली, सिमेंटचा पाइप कौलातून वर काढला आणि पुढच्या घरी गेला. आत्याची अडचण पहिल्याच दिवशी सुरू झाली. भोकं साच्याच्या मापाची, तिचं पातेलं त्याहून मोठं. तोंड अरुंद, त्यामुळे भाकरी निखाऱ्यापुढे उभी करायला जागाच नाही. दुसऱ्या भोकावर भांडं नसेल तर सगळा धूर तिथून घरात, म्हणजे दुसरं काही शिजवायचं नसलं तरी त्यावर पाण्याचं भांडं ठेवायलाच हवं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात पाइप काजळीने तुंबला. तो झाडायचा तर कौलावर चढायचं. घरातले पुरुष म्हणाले, बघू. दिवाळीपर्यंत आत्याने विळ्याने तोंड रुंद केलं, मधला उंचवटा काढून टाकला आणि पाइपाच्या भोकात चिंध्या कोंबल्या, कारण तिथून पाणी गळत होतं. वर वाशांना वाळवी लागली ती धूर बंद झाल्यानेच, असंही तिचं म्हणणं होतं.

सरकारी हिशेबात ती चूल ‘बसवलेली’ होती. मोजायची होती ती चूल. तिचं मॅन्युअल मोजण्यात कुणाला रस नव्हता. जुन्या चुलीबरोबर बाईकडचं जुनं ज्ञान बाद ठरलं, आणि नव्या चुलीचं ज्ञान बसवणाऱ्याच्या सायकलवरून परत गेलं.

हे मी आत्याच्या मायेपोटी बोलते असं वाटायला नको. ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ४४ गावांतल्या २,६०० हून जास्त घरांचा काही वर्षं अभ्यास केला. धुराड्याच्या मातीच्या चुली तिथे जवळपास फुकट दिल्या होत्या. पहिल्या वर्षी बायकांच्या शरीरात जाणारा धूर कमी झाला. पुढे तो फायदा विरला. चुली बिघडल्या, दुरुस्त्या झाल्या नाहीत, वापर घटला. फुप्फुसांच्या आरोग्यात फरक दिसलाच नाही. २०१६ मध्ये हा अभ्यास छापून आला. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी चूल घरात का हरते, याचं याहून स्पष्ट उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

त्याच २०१६ च्या १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चर्चा चुलीवरून सिलिंडरवर गेली. ते योग्यच झालं. पण सिलिंडर घरात आला म्हणून चूल विझत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५८.६ टक्के घरं स्वच्छ इंधनावर मुख्य स्वयंपाक करत होती; म्हणजे दहातली चार घरं अजून लाकूड, गोवऱ्या, कोळशावर. शिवाय ‘मुख्य’ या शब्दाआड बरंच लपतं. चहा गॅसवर, अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवर, ही वाटणी तुमच्याही गावी असेल.

आणि आता चूल उलट्या दिशेने परत येते आहे. हायवेला ‘चुलीवरचं मटण’, रीलमध्ये धगधगता जाळ, आणि फार्महाउसवर हौसेने घातलेली चूल. माझ्या एका मित्राने मुळशीकडे घर बांधलं, त्याला स्वयंपाकघरात चूल हवी होती. त्याला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण त्यातलं बरंचसं वर आलेल्या चुकांमधूनच शिकलेलं आहे.

आधी भांडी ठरव, मग भोकं. तू ज्यात शिजवणार ते पातेलं आणि तवा आणून मातीवर ठेवून माप घे. धुराडं छपराच्या वर निदान दोन फूट न्यायचं, वर टोपी बसवायची, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि वारा धूर खाली दाबणार नाही. पाइप जिथे छपरातून जातो तिथे लाकूड, झाप, प्लास्टिक काहीही चिकटून ठेवायचं नाही; पाइप आत तापतो आणि साठलेली काजळी पेट घेऊ शकते. चुलीमागची भिंत मातीची किंवा विटांची. ओली चूल लगेच पेटवायची नाही, आठवडाभर सावलीत वाळू द्यायची, नंतर काटक्यांचा बारीक जाळ. लाकूड वाळलेलं आणि मनगटाएवढंच जाड. रंगवलेली फळी, प्लायवुड, प्लास्टिक कधीच नाही. चूल पेटलेली असताना खिडकी उघडी, कारण धुराड्याने बाहेर काढलेल्या हवेची जागा घ्यायला हवा कुठून तरी यायलाच हवी. राख गार झाल्याची खात्री करून मगच पत्र्याच्या डब्यात. निखाऱ्यांची शेगडी ऊब घ्यायला झोपायच्या खोलीत नाही, कितीही थंडी असो. आणि धुराडं महिन्यातून एकदा वरपर्यंत झाडायचं.

मित्र सगळं फोनमध्ये टिपून घेत होता. शेवटच्या मुद्द्याशी थांबला. म्हणाला, “त्यासाठी गावात कुणी बाई मिळेल का?”