खाटेवरून काय दिसतं, काय ऐकू येतं?

राउंड घेताना माझ्या तोंडून हमखास एक प्रश्न जातो, "काय काका, रात्री झोप लागली ना नीट?" काका म्हणतात, "लागली." मी पुढच्या खाटेकडे वळतो. घरातल्या आजारी माणसाला तुम्हीही असंच विचारत असाल.

या प्रश्नात काय चुकतं, हे मला एमबीबीएसच्या पुस्तकांत सापडलं नाही. सापडलं ते १८६० च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या एका लहानशा पुस्तकात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये. झोपेबद्दल असं मोघम विचारलं तर दोन रुग्णांकडून एकच उत्तर येऊ शकतं, असं सांगून त्या तसं प्रत्यक्ष घडलेलं उदाहरण देतात. एकाची झोप रात्री मध्येच मोडली होती, एवढंच. दुसऱ्याचा पाच दिवस, पाच रात्री डोळा लागला नव्हता आणि तो त्यातच गेला. म्हणून त्या म्हणतात, किती तास झोप झाली आणि रात्री किती वाजता, ते विचारा. ज्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, त्याला रुग्ण नुसती मान डोलावतो.

नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या, ते चित्र. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा स्वतःचा आजार. १८५५ च्या मे महिन्यात क्रिमियात त्यांना जबर ताप आला. त्यातून त्या वाचल्या, पण १८५७ नंतरची अनेक वर्षं त्यांनी बहुतांश पलंगावर किंवा कोचावर पडूनच काढली. हे पुस्तक त्याच काळातलं. म्हणजे सूचना परिचारिकेच्या आहेत, पण कान आणि डोळे खाटेवर पडलेल्या माणसाचे आहेत.

त्यामुळे पुस्तकात आवाजावर एक अख्खं प्रकरण आहे. मोठ्या आवाजापेक्षा माणसाला ताटकळत ठेवणारा आवाज जास्त छळतो, असं त्यांचं म्हणणं. दाराबाहेर डॉक्टर आणि नातेवाईक कुजबुजत उभे राहिले की आत पडलेला माणूस कान टवकारतो. शब्द कळत नाहीत, पण विषय आपलाच आहे हे त्याला पक्कं कळतं. खोलीतल्या कुजबुजीला तर त्या सरळ क्रूरपणा म्हणतात. त्या काळच्या बायकांच्या घोळदार झग्यांची सळसळही त्यांनी सोडलेली नाही. आज त्या असत्या तर आयसीयूच्या बाहेर चाललेल्या आपल्या व्हिडिओ कॉलवर काय बोलल्या असत्या कोण जाणे!

बोलावं कसं, हेही त्यांनी लिहिलंय. रुग्णाच्या मागून बोलू नका, दारातून बोलू नका, तो काही करत असेल तेव्हा बोलू नका. त्याला मान न वळवता तुम्ही दिसाल असे समोर बसा. ही शिष्टाचाराची यादी वाटेल, पण अशक्त माणसाला मान वळवून आवाज कुठून आला ते शोधणं हेच केवढं काम असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच असं सुचतं. त्यांचं सगळंच आज टिकत नाही. रोग दूषित हवेतून होतात असं त्या तेव्हा मानत, तो भाग सोडून द्यायचा.

आता डोळ्यांकडे येऊ. लाकडी झोपडीत तापानं पडलेल्या रुग्णाला खिडकीबाहेरचं काही दिसत नाही आणि फळ्यांवरच्या गाठी बघत दिवस काढावा लागतो, ते दुःख आपण स्वतः भोगलंय, असं त्या लिहितात. कुणीतरी त्यांना रानफुलांचा गुच्छ पाठवला आणि तेव्हापासून प्रकृती झपाट्यानं सुधारू लागली, हेही त्यांनी नोंदवलंय. एका बाईची आठवण म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण १९८४ साली रॉजर अलरिच यांनी 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. तीव्र वेदनाशामकंही पहिल्या गटाला कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठं काही सिद्ध होत नाही, पण दिशा तीच आहे.

१९९९ सालचा अभ्यास मला अधिक पटतो, कारण तो आपल्या आजी-आजोबांचा आहे. वय झालेला माणूस दवाखान्यात दाखल झाला की रात्री असंबद्ध बोलू लागतो, नळ्या ओढतो, घरच्यांना ओळखत नाही. याला डेलिरियम म्हणतात. शॅरन इनौये आणि सहकाऱ्यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर साध्या गोष्टी तपासल्या : चष्मा लावून देणं, ऐकण्याचं यंत्र देणं, कानातला मळ काढणं, आज कोणता वार आहे ते सांगणं, रात्री आवाज कमी ठेवणं, दिवसा चालवणं. नेहमीच्या देखभालीत १५ टक्क्यांना डेलिरियम झाला, या रुग्णांमध्ये ९.९ टक्क्यांना.

आणि आपण काय करतो? दाखल करताना 'हरवेल' म्हणून आजींचा चष्मा, कानातलं मशीन आणि कवळी पिशवीत भरून घरी नेतो. मग सिस्टर मास्क लावून पायाशी उभ्या राहून काही विचारतात. आजींना ना ओठ दिसतात, ना शब्द कळतात. त्या काहीतरी उत्तर देतात आणि फाइलवर 'गोंधळलेल्या' अशी नोंद होते. तेव्हा या वस्तू नाव लिहिलेल्या डबीत घालून उशाशीच राहू द्या, आणि कोणत्या कानानं बरं ऐकू येतं ते सिस्टरना आधीच सांगा. आपल्याकडे रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरलं जातं, तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. गणपतीत ती किती पाळली जाते, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

परवा मी स्टूल ओढून त्याच काकांच्या समोर बसलो. "रात्री किती वाजता डोळा लागला?" काका जरा थांबले. "पहाटे चारला असेल. खरं सांगू का डॉक्टर, आडवं झालं की धाप लागते. म्हणून बसूनच काढली रात्र." मग इकोला पाठवलं. हृदयाची ताकद बरीच कमी झालेली निघाली, आणि औषधं बदलली.