तटाच्या आतली विहीर

मालवणच्या बंदरावर उभे राहिले म्हणजे समोर जो सिंधुदुर्ग दिसतो, त्याच्या तटाविषयी आपण पुष्कळ ऐकलेले आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, पायात शिसे ओतले, तीन वर्षांत जलदुर्ग उभा राहिला, हे शाळेतले पोरही सांगेल. आज मला तटाविषयी बोलावयाचे नाही. तटाच्या आत तीन विहिरी आहेत : दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर. चहूंकडे खारट समुद्र, आणि मध्ये पिण्याजोगे गोडे पाणी. आपण याला चमत्कार म्हणतो, ओंजळभर पाणी पितो आणि पुढे जातो.

चमत्कार म्हणावयास माझी हरकत नाही. मात्र त्यामागचे कारण समजून घ्यावे. समुद्राने वेढलेल्या भूमीवरचे गोडे पाणी हे पावसाचे पाणी होय. ते जमिनीत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. सच्छिद्र भूमीत गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर एक फूट चढले, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो, असा शास्त्राचा हिशेब आहे. हा हिशेब उलटाही चालतो, हे विसरता कामा नये. वरचे फूटभर पाणी उपसून गेले, की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकावयास लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत बायामाणसे कळशा घेऊन वाट तुडवतात. जांभा दगड पाणी धरीत नाही, सड्यावर पडलेला पाऊस काही तासांत ओहोळांतून खाडीला मिळतो. पाऊस पुष्कळ आणि पाणी थोडे, हे कोकणचे जुने दुखणे आहे.

जुन्या कारभाऱ्यांना याची जाण होती. रामचंद्रपंत अमात्य हे बावड्याचे, म्हणजे आपल्याच घाटमाथ्यावरचे. त्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी जे प्रकरण आहे, त्यात तटाबुरुजांइतकीच पाण्याची चिंता केलेली आढळते. आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. आणि गडावर झरा असला, तो पुरतही असला, तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, असा त्याचा आशय आहे. कारण मोठे मार्मिक दिले आहे. लढाई जुंपली म्हणजे तोफांच्या दणक्याने झरे आटतात, आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाक्यांतले पाणी जखिरा म्हणून राखून ठेवावे, त्याला एरवी कोणी हात लावू नये. त्याच ग्रंथात केरकचऱ्याविषयीही सांगितले आहे. तो वाटेवर वा तटाला पडू देऊ नये, गडाखालीही लोटू नये. जागच्या जागी जाळावा आणि राख परसात घालून भाजीपाला करावा. सिंधुदुर्गाच्या तटात शौचकूप बांधलेले आहेत. वाटाडे ते दाखवितात तेव्हा मंडळी हसतात. हसण्यासारखे त्यात काय आहे, मला कळत नाही. वेढ्यात अडकलेल्या शिबंदीत हगवण सुरू झाली तर गड शत्रूच्या तोफांवाचूनही पडतो, हे बांधणाराला ठाऊक होते.

ही झाली राज्यकर्त्यांची व्यवस्था. तटाबाहेरच्या रयतेसाठी अशी तरतूद कोणी केली नाही. गावोगाव विहिरी होत्या, परंतु त्यांच्यावर जातीचे पहारे होते. आणि शहरांतून टोपलीचे संडास होते, ते डोक्यावरून वाहून नेण्याचे काम एका जातीच्या माथी मारलेले होते. घाण दुसऱ्याने न्यावयाची, मग ती जाते कोठे हे आपण कशाला पाहावे, अशी आपल्या समाजाची मनोवृत्ती बनली. या मनोवृत्तीवर ज्यांनी घाव घातला ते अप्पासाहेब पटवर्धन याच भूमीतले. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी भंगीकाम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येत नाही, असे सरकारचे उत्तर आले. अप्पासाहेबांनी आपला आहार कमी केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी त्या वर्षी ३ डिसेंबरला उपवास आरंभिला. दोन दिवसांत सरकारने आश्वासन दिले. झाडू हाती मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला, हा प्रसंग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून फारसा येत नाही. लढायांना जागा अपुरी पडते ना!

पुढे १९४८ साली कणकवलीस गोपुरी आश्रम निघाला. अप्पासाहेबांनी तेथे जे केले ते मला त्या उपवासाहूनही मोलाचे वाटते. मैला माती-पाल्याखाली कुजवून त्याचे सोनखत करावयाचे, कोणाच्या डोक्यावर टोपली द्यावयाची नाही आणि ओहोळात काही सोडावयाचे नाही, असे सोपे, गरिबाला परवडणारे संडास त्यांनी करून दाखविले. लोकांनी नाके मुरडली. सोनखत शेताला हवे, पण त्याचे नाव जेवणाच्या पंगतीत निघता कामा नये! १९७१ साली अप्पासाहेब गेले. कोरड्या संडासांना बंदी करणारा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९९३ साली झाला.

सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सपाट प्रदेशांतील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला ठरला. हा मान कष्टाचा आहे, आणि त्यात गोपुरीच्या कामाचाही वाटा आहे असे मी मानतो. परंतु मोजणीत अधिक भर होता तो घरोघरच्या संडासांवर. त्या संडासांतले जाते कोठे, हा अप्पासाहेबांचा प्रश्न शिल्लकच आहे, आणि किनाऱ्यावर तो आता निकडीचा झाला आहे.

देवबागचेच पाहा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर गाबितांची घरे, माड, आणि आता पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या. प्रत्येक परसात विहीर आणि प्रत्येक परसात संडासाची टाकी. दोहोंमध्ये निदान पन्नास फूट अंतर असावे असे सांगतात. जेथे सगळे परसच तेवढे नाही, तेथे हे अंतर आणावयाचे कोठून? वाळूत पाणी फार अडत नाही. टाकीचा तळ सिमेंटने बांधलेला नसेल तर तिच्यातले विहिरीत यावयास वेळ लागत नाही. पाहुणे वाढले की उपसा वाढतो, टाकीही लवकर भरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ दूर समुद्रातच राहिले, तरी त्याच्या उधाणाचे पाणी किनाऱ्यावरच्या वस्त्यांत शिरले. उधाण परसात चढले म्हणजे विहीर खारी होते आणि टाकी उलटते, ही दोन्ही संकटे एकाच रात्री येतात. १६ मे २०२१ रोजी तौक्ते आले तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मालवण तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद म्हणजे नळ बंद. ज्यांनी जुनी विहीर बुजविली नव्हती, दोर आणि कळशी ठेवली होती, त्यांचे निभावले. तोफांच्या दणक्याने झरे आटतात, हे अमात्यांचे म्हणणे त्या आठवड्यात वेगळ्या रीतीने खरे ठरले.

नळ नकोत असे माझे म्हणणे नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात देण्याचे ठरविले, ते योग्यच आहे. डोक्यावरची कळशी उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. पण एकच नळ, एकच पंप, एकच विजेची तार, यावर किनाऱ्याचे गाव टांगून ठेवणे हे अमात्यांनी खपवून घेतले नसते. गावच्या जुन्या विहिरी उपसून, कठडे उंच करून राखल्या पाहिजेत. कौलावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून त्याचा जखिरा केला पाहिजे. संडासाच्या टाक्या उधाणाच्या रेषेहून उंच आणि तळ पक्का बांधून हव्यात. त्या उपसणारी गाडी हवी, आणि उपसलेला मैला खाडीत न जाता त्याचे खत होईल अशी जागा हवी. हा खर्च मच्छीमाराच्या एका होडीच्या मिळकतीतून निघणार नाही. ज्याच्या खोल्यांत पाहुणे उतरतात त्याने आपला वाटा द्यावा, उरलेला सरकारने द्यावा, हे उघड सांगितले पाहिजे.

आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत पाणीपुरवठा व स्वच्छता अशा जोडनावाची समिती असते. पुष्कळ ठिकाणी तिच्यापुढे विषय येतो तो नळपट्टीचा. येत्या मे महिन्यात, पाऊस लागण्याच्या आधी, तिने गावाचा एक नकाशा काढावा : प्रत्येक विहीर कोठे, प्रत्येक टाकी कोठे, मागच्या उधाणाचे पाणी कोठवर आले होते, आणि दोघांत अंतर किती. तो नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लावावा आणि ज्यांची विहीर टाकीला खेटून आहे त्यांची नावे यादीत पहिली घ्यावीत.